अडतिसावा खुंट

ऋतिकाच्या तक्त्यात नऊ रकाने होते आणि तिला त्या तक्त्याचा भारी अभिमान होता. विद्यापीठात ती किनारा व्यवस्थापन शिकत होती. २००३ साली हे शिक्षण नेमकं कशाचं, ते मनवेलपाड्यातल्या तिच्या इमारतीत कुणालाच कळत नव्हतं. प्रबंधाचा विषय होता पाचूबंदरच्या कोळ्यांचे समुद्रातल्या जागांवरचे हक्क. जाळं ज्या खुंटाला बांधतात तो खुंट कुणाचा, हे कुठल्याच सरकारी कागदावर नव्हतं. गावाला मात्र तोंडपाठ होतं.

तिथला साठीचा कोळी पास्कल तिला ओहोटीच्या वेळी, भर उन्हात होडीतून फिरवायचा, एकेक खुंट दाखवून मालकाचं नाव सांगायचा. सदतीस झाले. अडतिसावा सगळ्यांत बाहेर, एकटा उभा होता. त्याला जाळं नव्हतं, शेवाळ नव्हतं, त्याच्यावर बगळाही बसलेला नव्हता. पास्कलने तिकडे पाठ केली.

"हा कोनाचाच नाय, बाय. कोरा ठेव."

तिने ठेवलाही. पण तिच्या मार्गदर्शक सरोजिनी मॅडमना कोरी जागा दिसली की काम अर्धवट वाटायचं. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता, नाहीतर वर्ष फुकट. रविवारी ऋतिकाने त्या रकान्यात पास्कलचं नाव ठोकून दिलं. समुद्रात कोण बघायला जातंय?

मंगळवारी ती फोटो काढायला गेली, तर पास्कल अंगणात नवा दोर वळत बसला होता. अडतिसाव्या खुंटासाठी. आमचाच तो, बापाचा होता, म्हणाला. तिला हसू आलं, पण पुरतं आलं नाही.

त्याची बायको मटिल्डा तिला मागच्या दारी घेऊन गेली. हा रविवारपासून मध्येच "आलो" म्हणतो आणि उठून पाण्याकडे चालायला लागतो, तिने सांगितलं. हाक कुणीच मारलेली नसते.

"तू त्याचं नाव कुठं लिवलंस काय?"

ऋतिका नाही म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली आणि भीतीही वाटली. घरी येऊन तिने चप्पल काढायच्या आधी पांढरी शाई लावून ते नाव पुसलं.

गुरुवारी पास्कल बांबूंवर बोंबील वाळत घालत होता. तिने अडतिसाव्या खुंटाचं विचारलं. त्याने पहिल्यासारखी नुसती पाठ केली. तिला रडूच फुटलं.

शुक्रवारी तिने प्रबंध दिला. रकाना कोरा होता. वर्ष गेलं तर गेलं.

सोमवारी सकाळी मॅडमचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. एक जागा राहिली होती, म्हणाल्या, पाहणी करणारीचं, म्हणजे तुझंच, नाव घालून टाकलं. प्रबंध पुढे गेलासुद्धा.

ऋतिकाने रिसीव्हर ठेवला.

हात पुसत आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने दार उघडून जिन्यात पाहिलं, पुन्हा लावलं.

"कुणाला गं 'आले' म्हणालीस?"