औषध लागू पडलं तर…

खिडकी उघडायची नाही, हा त्या खोलीचा पहिला नियम. संग्रहालयाच्या मागच्या बाजूला जुनी चित्रं दुरुस्त करायची ती खोली. वॉर्निश ओलं असताना दमट हवा आत आली, की चित्रावर पांढुरकं मळभ चढतं. तिथे काम करणाऱ्या बाई हे येईल त्या शिकाऊ मुलीला बजावत आल्या होत्या. त्याच बाईंनी त्या दुपारी, टेबलावरच्या एका स्त्रीच्या चित्राचं वॉर्निश ओलं आणि बाहेर पाऊस भुरभुरत असताना, खिडकी सताड उघडली आणि गजांना कपाळ टेकून उभ्या राहिल्या.

काय करणार… आतून नुसता भडका उठला होता. मानेवरून घाम निथळत होता, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं.

"फ्रेमचं माप घ्यायला आलोय," मागून कुणीतरी म्हणालं. "पण… चित्रातल्या बाईंना ही हवा मानवलेली दिसत नाही."

बाई वळल्या. दारात नवा फ्रेमवाला उभा होता, हातात टेप, भुवयांवर लाकडाचा भुसा. आणि चित्रातल्या बाईच्या गालावर मळभ. बाईंच्या छातीत धडधडायला लागलं.

त्याने आधी खिडकी लावली. "मी उघडली म्हणून सांगू?"

"नको. माझा घोळ मी निस्तरेन."

"मग वारा तरी घालू द्या," म्हणत त्याने पुठ्ठ्याचा तुकडा उचलला. कित्येक वर्षांत बाईंना कुणी वारा घातला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले, आणि भरून आले म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

सगळं वॉर्निश उतरवावं लागलं. तो मात्र रोज दुपारी हजर. एका खेपेत उरकणारं माप गडी चवीचवीने घेत होता.

"रुंदी काल झाली ना?"

"आज उंची."

"आणि परवा नुसतेच आलात ते?"

"परवा धीर गोळा करत होतो," तो म्हणाला. "शनिवारी… फिरायला याल माझ्याबरोबर?"

पुन्हा तीच धडधड. बाई इतक्या दमल्या होत्या, की आडपडदा ठेवायचंही त्यांच्या जिवावर आलं.

"हे बघा, माझी पाळी जायला आलीय. घाम फुटतो, झोप येत नाही, उगाच चिडते, उगाच रडते. काल बहिणीने ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, धडधडसुद्धा त्यातलीच असेल. मला वाटत होतं, तुमच्यामुळे होतेय."

"वाटत होतं?" त्याचा चेहरा उजळला.

"लगेच खूश होऊ नका. औषध सुरू केलंय. ते लागू पडू दे, मग सांगते."

"आणि औषधाने मीच उतरलो तर?"

"तर उतरलात."

बिचारा. बाईंना बरं वाटावं म्हणून त्याचा जीव तुटायचा, आणि बरं वाटलं तर आपणच उतरू, अशी धास्तीही असायची. तरी बाईंनी संग्रहालयाच्या साहेबांना आपला त्रास स्पष्ट सांगून टेबल दाराजवळ मागून घेतलं, तेव्हा ते त्यानेच सरकवलं. वर छोटा पंखा बसवला. बाई संध्याकाळी चालू लागल्या, चहा कमी केला, वॉर्निशचं काम सकाळी, हुशारी असताना, करू लागल्या. तो रोज एवढंच विचारायचा, "झोप?"

"थोडी."

मग एका रात्री त्या सलग झोपल्या. सकाळी हात स्थिर होता. वॉर्निश काचेसारखं नितळ बसलं. पुढे ते सुकलं आणि तो फ्रेम घेऊन आला. बाईंनी वाट पाहिली. छातीत काही म्हणजे काहीच नाही.

"धडधड गेली," त्या म्हणाल्या. खोटं बोलवेना.

त्याने फ्रेम अलगद टेकवली. "बरं झालं," म्हणाला. मनापासून म्हणाला. मग टेप खिशात टाकून निघाला.

"अहो, थांबा ना… धडधड गेली म्हणाले मी. सकाळपासून दाराकडे कान लावून बसलेय, ते नाही गेलं. औषध घेऊनही नाही गेलं."

तो उंबऱ्यातच थबकला. भुवयांवर आजही भुसा होता. बाईंनी पुढे होऊन तो बोटाने झटकला.

"शनिवारी?" त्याने हळूच विचारलं.

"शनिवारी. पण सावकाश चालायचं हं. मी अजून दमलेलीच आहे."

"मला कुठे घाई आहे?" तो म्हणाला आणि झटकणारा तो हात त्याने हातात धरून ठेवला.