तव्यावरचा हट्टी थेंब

शर्वाणीने तव्यावर पाण्याचा एक थेंब टाकला. तो मण्यासारखा गोल झाला, इकडेतिकडे पळाला आणि नाहीसा व्हायला त्याला चाळीस सेकंद लागले. मघाशी, तवा कमी तापलेला असताना, असाच थेंब दोन सेकंदांत चर्र करून उडून गेला होता.

"आजोबा, जास्त तापलेल्या तव्यावर थेंब जास्त टिकतो? हे उलटंच!"

"म्हणून तर घावनाचं पीठ हातात धरून थांबलोय." आजोबा उष्णतेचे अभ्यासक, पण चांद्रवसाहतीत सगळे त्यांना घावनवाले आजोबाच म्हणत. "तवा फार तापला, की थेंबाच्या तळाची क्षणात वाफ होते. त्या बाष्पगादीवर (वाफेच्या पातळ थरावर) थेंब तरंगतो. तव्याची उष्णता त्याच्यापर्यंत..."

भोंगा वाजला.

दोघं धावत यंत्रघराशी पोहोचले. प्राणवायू बनवणाऱ्या यंत्राची लोखंडी पाटी तीनशे वीस अंशांवर होती. वसाहतीची प्रमुख, म्हणजे शर्वाणीची आई, हिने यंत्र बंद केलं होतं. ढोल्या हा यंत्रमानव पाणी फवारत होता. बारा मिनिटांत पाटी शंभर अंशांपर्यंत निवली नाही, तर कडेचं रबर वितळून सगळ्यांचा प्राणवायू निसटणार होता.

"ढोल्या, जोरात मार!"

"मी दमत नाही, प्रमुख. टाकी दमली. सहा मिनिटांचं पाणी उरलंय."

शर्वाणीने यंत्रघराच्या काचेला नाक लावलं. "आई, थेंब नाचतायत! तव्यावरच्यासारखे!"

आजोबा वाकून बघू लागले. "ढोल्या, पाटी किती वेगाने निवतेय?"

"मिनिटाला पंधरा अंश. पाण्याआधीही पंधराच."

"म्हणजे पाणी पाटीला शिवतच नाही. दोनशेच्या खाली वाफेची गादी मोडेल. मग थेंब पाटीला टेकून उकळेल आणि तिची उष्णता ओढून घेईल. तोवर पाणी राखून ठेव, पोरी."

"बाबा, आठ मिनिटं मी हात बांधून बघत बसू?" आईने विचारलं.

"हो."

आईने टाकीकडे पाहिलं, मग आकड्याकडे. एक मिनिट गेलं. पाच मिनिटांचं पाणी उरलं. शर्वाणीने हळूच तिचा पदर धरला.

"ढोल्या," आई म्हणाली, "पाणी बंद. दोनशेला एकच थेंब टाक. शर्वाणी, कान दे. चर्र वाजलं की मला सांग."