पाय चार की सहा?

फुलपाखराचे पाय मोजायला तीन धडधाकट माणसं डोंगर चढली, हे ऐकून तुम्ही हसाल. खुशाल हसा. पायथ्याशी होतो तोवर आम्हीही हसतच होतो.

माझी ताई दातांची डॉक्टर. मागच्या वर्षी त्या डोंगरावरच्या जंगलात तिने एका काळ्या फुलपाखराचा फोटो काढला आणि दवाखान्यात थेट खुर्चीसमोर लावला, म्हणजे 'आ' करून बसलेल्या माणसाला दुसरीकडे बघायची सोयच नको! तशी काळी फुलपाखरं दोन. एक विषारी, त्याला पक्षी तोंड लावत नाहीत. दुसरं त्याची हुबेहूब नक्कल करून जीव वाचवणारं. त्याला आम्ही नकल्या म्हणायचो. हा नकल्या तिथे कित्येक वर्षांत कुणाला दिसला नव्हता आणि ताईचा दावा, फोटोतला नकल्याच!

ताईने संग्रहालयात फोटो पाठवला. तिथल्या फुलपाखरांच्या जाणकार बाई फोनवर म्हणाल्या, "वरून दोन्ही सारखीच हो. विषारी चार पायांवर बसतं, नकल्या सहा. तुमच्या फोटोत पाय आहेत कुठे? पाय दाखवा, आमच्या फुलपाखरांच्या पुस्तकात छापते."

ताई हट्टाला पेटली. दाजींचं चष्म्याचं दुकान आहे. ते गिऱ्हाइकांनाही सांगायचे, "आमच्या हिला साधं फुलपाखरू दिसलं आणि हिने त्याची वरात काढली." ताई वरवर हसायची, पण तिला ते फार लागायचं.

तर आम्ही निघालो. काट्यांनी माझी बाही फाडली. ओढा ओलांडताना दाजींनी जवळचा चष्मा माझ्या हातात दिला. "मेव्हणे, हा खिशात ठेवा. पडला तर मला माझाच हात दिसायचा नाही." पलीकडचा कडा चढता चढता त्यांचा घामाने पार चिखल झाला. वर पोचल्यावर सपाट खडकावर बसून त्यांनी बूट काढले. मोज्यांचा असा वास सुटला की मी वाऱ्याची बाजू बदलली.

आणि ते आलं! काळं, संथ, दोन घिरट्या घालून थेट दाजींच्या उजव्या मोज्यावर बसलं. घामातलं मीठ प्यायला.

"अहो, हलू नका," ताई पुटपुटली.

"हललो नाही. पण एक जळू चढतेय."

"चढू दे."

"गुडघ्याच्या वर आलीय गं."

"संसारात एवढं तरी सहन करा."

ताई पोटावर सरकत पुढे गेली. कॅमेरा डोळ्याला लावला. बोट बटणावर. तेवढ्यात जळूने नको तिथे तोंड लावलं. दाजी उसळले, मागे कलंडले. मागे कडा! ताईने कॅमेरा टाकला आणि झेप घेतली. उजवा पाय धरला, तर नुसता मोजाच हातात आला! मग डावा घोटा. तो मात्र सुटला नाही. मी दुसरा पाय पकडला. खाली खडकांवर कॅमेऱ्याचे तुकडे झाल्याचं आम्हाला ऐकू आलं.

दाजी डोकं खाली, एका मुळीला धरून लोंबकळत होते. "लग्नानंतर आज पहिल्यांदा पाय धरलेस माझे," ते म्हणाले. मग एकदम गप्प झाले.

"अहो, बोला ना! काय झालं?" ताईचा आवाज फाटला.

"श्श. ते माझ्या मनगटावर बसलंय. नाकासमोर."

आम्ही पाय आणखी घट्ट धरले. कड्याखालून दाजींचा आवाज आला. "एक, दोन... पाच, सहा. सहा आहेत गं! नकल्याच आहे तुझा. मीच मूर्ख."

आम्ही त्यांना ओढून वर घेतलं. फुलपाखरू निघून गेलं होतं. फोटो नाही, म्हणजे पुस्तकही नाही. पण ताई मोजा छातीशी धरून रडत होती, हसत होती. "सहा," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आणि माझ्या खिशात दाजींचा चष्मा मला टोचत होता.

उतरताना दाजी लंगडत पुढे चालले होते. मला राहवेना. "ताई, एक सांगू?"

तिने माझ्या खिशाकडे पाहिलं. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारी माझी बहीण म्हणाली, "माहितीय मला. तू तोंड बंद ठेव."