‘ऊठ’ लिहायचं राहून गेलं

हे माझ्याच बाबतीत घडलंय. पटत नसेल तर पुढची पोस्ट वाचा. या पेजवर कवट्या आणि रक्ताळलेल्या बाहुल्या भरपूर आहेत.

माझ्याकडे तसलं काही नाही. रात्रसुद्धा नव्हती. रविवारची दुपार होती, लख्ख ऊन होतं आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत एकटी बसून जावा शिकत होते.

हो, जावा. कंप्युटरची भाषा. या वयात. हसून घ्या.

मी हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर होते. पेशंटचं नाव, वय, तक्रार. एक दिवस साहेबांनी जाहीर केलं, खिडकी बंद होणार, पेशंट स्वतःच मशीनवर नोंद करणार. ज्याला प्रोग्रामिंग जमेल त्याला दुसऱ्या शहरात मुख्य ऑफिसला घेऊ. बाकीच्यांनी घरी बसा.

घरी बसा म्हणे! बाबांचं अर्धं अंग गेल्यापासून मी दुसरं केलं काय होतं? काम ते घर, घर ते काम. बाबा खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसायचे. स्वतःहून उठता यायचं नाही. उठायचं असलं की चालत्या हाताच्या बोटानं खुर्चीच्या दांड्यावर वाजवायचे.

टक टक.

मी हातातलं टाकून धावायचे.

ते गेले तेव्हा नातेवाईक आले, चहा प्याले आणि म्हणाले, "सुटलीस गं बाई." जेवलीस का, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, आता स्वतःसाठी जग." कसं जगायचं ते सांगण्याआधी त्याची मीटिंग सुरू झाली.

मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. दुसरा रस्ता नव्हता. जावाचा क्लास लावून ऑफिसची परीक्षा पास व्हायची, नाहीतर त्याच भिंतींकडे बघत म्हातारं व्हायचं.

क्लासला सगळी कोवळी पोरं. सरही कोवळेच. पोरांनी त्यांचं नाव ‘सेमीकोलन’ ठेवलं होतं, कारण प्रत्येकाच्या मागे येऊन ते तेवढंच बोलायचे.

"जमतंय ना काकू?"

"काकू तुमच्या घरी. इथे ताई म्हणा."

"बरं, ताई. ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिलाय."

पण शिकवायचे चांगलं. म्हणाले, "जावातला ‘क्लास’ म्हणजे साचा. ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेली वस्तू. ती कशी आहे ते लिहायचं आणि ती काय करू शकते ते लिहायचं. जे तुम्ही लिहिलं नाही, ते तिला येत नाही. घरातली एखादी वस्तू घ्या, सोमवारी करून आणा. यावर मार्क आहेत."

पोरांनी मोबाईल घेतला, बाईक घेतली. मी घरी येऊन मान वर केली, तर समोर खुर्ची.

मी खुर्ची घेतली.

लाकूड कसलं, रंग कुठला, कोण बसलंय, एवढं लिहिलं. काम एकच दिलं : ‘बसव’. चालतंय का बघायला त्यात ‘बाबा’ असा शब्द घातला आणि रन केलं.

बसलेले : बाबा.

चाललं! माझा पहिला प्रोग्राम चालला! मी खोलीभर बघितलं. सांगायला कोणी नव्हतं.

मग ‘बाबा’वाली ओळ पुसून टाकली. सरांना कशाला माझं घर दाखवू? पुन्हा रन केलं. आता ‘खुर्ची रिकामी’ यायला हवं होतं. पण आलं...

बसलेले : बाबा.

पुसायचं राहिलं असेल म्हणून अख्खी फाइल शोधली. ‘बाबा’ हा शब्द कुठेच नव्हता. लॅपटॉप बंद करून चालू केला. पुन्हा रन.

बसलेले : बाबा.

मी सरांना फोन लावला.

"शक्यच नाही, ताई. प्रोग्राम संपला की वस्तू संपते. दर वेळी नवी, कोरी. मागचं काही तिच्या लक्षात राहत नाही. पाठवा बघू फाइल."

पाठवली.

"माझ्याकडे तर रिकामी येतेय. आणि अभिनंदन, सेमीकोलनसुद्धा राहिलेला नाही."

फोन कानाला धरूनच मी पुन्हा रन केलं. माझ्याकडे बाबाच.

"फक्त एक चूक आहे," सर म्हणाले. "तुम्ही ‘बसव’ लिहिलंय, ‘ऊठ’ कुठाय? बसलेला माणूस या खुर्चीतून उठणार कसा? शिकाऊ मंडळी सगळी इथेच फसतात." ते हसले आणि फोन ठेवला.

मला हसू आलं नाही.

घर एकदम गप्प झालं. खालच्या रस्त्यावरच्या गाड्या, शेजारचा टीव्ही... काहीच नाही. पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज नाही.

आणि मग...

टक.

मी टाइप करायला घेतलं की थांबायचं. बोटं थांबली की पुन्हा...

टक टक.

मी उठले. खरं तर पायच उठले, सवयीनं. खुर्चीपाशी जाऊन वाकले, काखेत घालायला दोन्ही हात पुढे केले. आणि तशीच राहिले, हवेत हात धरून.

खुर्चीत कोणी नव्हतं.

दाराची बेल वाजली. जुनं फर्निचर घेणारा आला होता. शहर सोडायचं तर ही खुर्ची नेणार कुठे, म्हणून मीच बोलावलं होतं. मी म्हटलं, "ती खिडकीजवळची. घ्या उचलून."

त्यानं आत पाऊल टाकलं... आणि मागे घेतलं. आवाज खाली आणून म्हणाला, "घाई नाही, ताई. काकांना सावकाश उठू द्या. मी खाली गाडीत थांबतो."

गेला.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी वाटलं, बरं झालं, घरात कोणीतरी आहे. मी पुढे काहीच लिहिलं नसतं तर बाबा तिथेच राहिले असते, खिडकीजवळ. रोज मी घरी आल्यावर कोणीतरी असतं.

आणि मीही तिथेच राहिले असते. टक झालं की धावत.

"बाबा, पुरे आता," मी मोठ्यानं म्हणाले.

‘ऊठ’ लिहिलं. दोन-तीन ओळींचं काम. पण चार वेळा चुकलं. रन केलं.

खुर्ची रिकामी.

स्क्रीनवर ते उमटलं आणि खिडकीजवळ लाकूड कुरकुरलं... जड माणूस उठल्यावर कुरकुरतं तसं.

मग पावलं. अनवाणी, सावकाश. बाबांना चालता येत नव्हतं हो! पण ही पावलं कुठेही अडखळली नाहीत. खिडकीपासून कपाटापर्यंत... कपाटापासून टेबलापर्यंत... आणि माझ्या पाठीमागे येऊन थांबली.

मी वळले नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. फर्निचरवाला परत आला, "झालं ना?" म्हणाला आणि एका हातानं खुर्ची उचलली. दारातून जाताना माझ्या खांद्यावरून मागे बघत हसला.

"येतो, काका."

सोमवारी सरांनी फाइल पाहिली. पूर्ण मार्क दिले. मी विचारलं, "सर, उठलेला माणूस कुठे गेला ते यात कुठेच नाहीये. चालतं?"

"त्याच्याशी आपल्याला काय करायचंय, ताई? खुर्ची रिकामी झाली, विषय संपला."

मी पास झाले. आता दुसऱ्या शहरात आहे. एक खोली, एक टेबल, एक चाकांची खुर्ची. ऑफिसात बरे बोलतात, पण घरी सोबत कोणी येत नाही. तो प्रोग्राम मी काढून टाकलाय.

आज संध्याकाळी कुलूप उघडून आत आले. सकाळी खुर्ची टेबलाखाली सारून गेले होते. आता ती खिडकीजवळ आहे. तोंड बाहेर.

दिसायला रिकामी. पण तेव्हाही ती दिसायला रिकामीच होती.

हात लावला तर कळेल. कोणी असलं तर काय करू? आणि कोणीच नसलं तर? दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं, ते मला ठरवता येत नाही.

म्हणून हे ओट्यापाशी उभी राहून टाइप करतेय. पाय भरून आलेत. खोलीत खुर्ची एकच आहे.

अजून बसले नाहीये.