डाव्या पायाचा ब्रेक

माझं वर्कशॉप आमच्या घराच्याच खाली आहे, म्हणून घरच्या गाडीचा नंबर नेहमी शेवटी लागतो. त्या दिवशी चाकं उघडली, तर पुढचे ब्रेक पॅड पार संपलेले आणि डिस्क तापून निळ्या पडलेल्या. पॅड मी नुकतेच बदलले होते. पुतणी छकुलीची शाळा, वहिनीचं ऑफिस आणि परत घर, एवढ्यावर ब्रेक असे जळत नाहीत. असे शर्यतीच्या ट्रॅकवर जळतात.

खोटं कशाला बोलू, पहिला संशय मला वहिनीचाच आला.

गाडी मुळात दादाची. दोनच पेडल, क्लच नाही, आणि ताकद अशी की नुसता पाय ठेवला तरी पाठ सीटला चिकटते. ट्रॅकवर दादा लोकांना ती चालवायला शिकवायचा. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर, डावा ब्रेकवर. मलाही शिकवायला गेला होता. जन्मभर क्लच दाबलेला माझा डावा पाय ब्रेकवर असा धाडकन पडला की दोघांची कपाळं काचेपर्यंत गेली. "पेडल आहे रे, झुरळ नाही!" दादा म्हणाला. त्याचा स्वतःचा पाय झोपलेल्या पोरावर हात ठेवावा तसा पडायचा, आणि तितकाच हळू उठायचा.

मग एका शिकाऊ माणसाने भर वळणावर ॲक्सिलरेटर सोडलाच नाही. दादा शेजारच्या सीटवर होता, तिथे कुठला ब्रेक? तरी तो डावा पाय खाली दाबत राहिला. शिकाऊ जागीच गेला. दादा वाचला, पण तो पाय गुडघ्याखाली मेला. टाचणी टोचली तरी कळत नाही. गाडी मी दुरुस्त केली. विकू या म्हटलं, तर दादा म्हणाला, "दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारू नकोस." तेव्हापासून तो वरच्या खोलीत खिडकीशी बसून असतो.

"वहिनी, तुम्ही दोन्ही पाय वापरता का हो?"

"भाऊजी, मला एका पायाने जमतंय तेच खूप आहे. तुमची गाडीच मधेच दम सोडते, ते बघा आधी."

या नव्या गाड्यांत दोन्ही पेडलं एकदम दाबली की कंप्युटर इंजिनाची ताकद काढून घेतो. म्हणजे बाई दोन्ही दाबत होत्या आणि वर मलाच ऐकवत होत्या. चोर तो चोर, वर शिरजोर!

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळी मी शेजारी जाऊन बसलो. छकुली मागे गाणं म्हणत होती. मी वहिनीच्या पायांवरून नजर हलवली नाही. डावा पाय तिने सीटखाली ओढून घेतला होता. सरळ रस्त्यावर इंजिन एकदम चढलं, गाडीने उसळी घेतली, आणि ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं. हळूच. तो पाय मी कुठेही ओळखला असता.

"दिसलं ना?" वहिनी समोर बघतच म्हणाली. "मला वाटायचं, मलाच वेड लागलंय."

घरी येऊन वर गेलो. दादाच्या डाव्या चपलेचा तळ चवड्याखाली झिजून आरपार गेला होता. माझं डोकंच फिरलं.

"का छळतोस त्यांना? एक दिवस मागून कुणीतरी येऊन आदळेल! छकुली असते रे मागे!"

बोलताना माझी मलाच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी निघाल्या तेव्हा मी दादाचा तो पाय उचलला, स्टुलावर उशी टाकून वर ठेवला. दादाने माझं मनगट पकडलं.

"ब्रेक बघितलास. ॲक्सिलरेटर बघितलास का?"

खाली फाटक करकरलं. मी खिडकीतून वाकून पाहिलं. वहिनी गाडीकडे पाठ करून फाटक ढकलत होती. छकुली मागच्या सीटवर. इंजिनाचा आवाज चढत होता.

गाडी हलली.

मी दादाचा पाय खाली ओढला आणि दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला.

टायर किंचाळले. मग छकुलीचं रडणं ऐकू आलं.

छकुलीला कडेवर घेऊन वहिनी वर आली. बंपर तिच्या पोटरीला टेकून थांबला होता. "पार्किंगला टाकली होती हो, हिची शपथ!" ती म्हणाली. माझे हात गुंतलेले होते, म्हणून तिने किल्ली टेबलावर ठेवली.

"बंद केलीस?" दादाने विचारलं.

"केली."

"मग सोडू का पाय?" मी म्हणालो.

दादाने मान हलवली. "नको. तो अजून ॲक्सिलरेटर सोडत नाहीये."

खिडकीतून गाडीची मागची बाजू दिसत होती. भर उन्हात तिचे ब्रेकचे लाल दिवे लागलेले होते.