विलायतेच्या नावाची गाडी

या सोयरिकीत सगळ्यात जास्त नफा होता तो निलमच्या बापाला, वसरामला. जावई पुण्याच्या मोटार कारखान्यात, आणि त्यानं बनवलेल्या गाड्या जाणार थेट इंग्लंडला, तिथल्या एका जुन्या कंपनीचं नाव मिरवत! हळद विकायला वसमतला गेलं की अडत्यासमोर अर्धा तास तरी हे सांगता येणार होतं. निलमला काय मिळणार होतं? एक नवरा, ज्याचा फोटोसुद्धा तिला कुणी दाखवला नव्हता.

२००५ सालचा एप्रिल. पाहुणे उद्या येणार आणि आज भरदुपारी आभाळ काळवंडलं. तांड्याबाहेर शिजवलेली हळद उघड्यावर वाळत पडलेली, आणि राखणीला निलम एकटी. ताडपत्रीचं एक टोक दाबलं की दुसरं वाऱ्यावर फडफडे. पुन्हा धावली... तर दुसरं टोक उडालंच नाही. कुणीतरी धरलं होतं.

"ओढा तुमच्याकडं! बघता काय?" तो ओरडला.

रस्त्यावर एसटी पंक्चर होऊन उभी होती, मामाच्या गावी निघालेला तो तिथून धावत आला होता. कोपऱ्यांवर दगड ठेवेपर्यंत टपोरे थेंब कोसळले आणि दोघं राखणीच्या छपराखाली शिरली. छप्पर लहान होतं. निलमनं अंग चोरलं, त्यानंही. त्याचे हात पिवळेधमक झाले होते आणि करड्या सदऱ्याच्या खिशावर इंग्रजी अक्षरं होती.

"काय लिहिलंय?"

"विलायतच्या कंपनीचं नाव. आमी पुण्यात तिच्या गाड्या बनवून राहिलो ना."

निलमनं ती अक्षरं पुन्हा निरखली. हाच तो! पण तिनं ओळख दाखवली नाही. गरज दाखवली की भाव पडतो, हे हळदवाल्याच्या लेकीला शिकवावं लागत नाही.

"तुमी नेमकं काय करता?"

"गाडी तयार झाली की शेवटी नाव बसवतो. इकडच्या गाडीला इकडचं, तिकडच्या गाडीला तिकडचं."

"अन् गाडी?"

"जवळजवळ तीच."

"म्हंजे लगनं लावता म्हणा की! पोरगी तीच. नाव बदललं, की चालली सासरी."

तो खळखळून हसला. मग जरा थांबून म्हणाला, "सासर मातर बराबर न्हाई... त्या कंपनीला घरघर लागलीय. कुणी म्हणतं कंपनी घ्यायला गिऱ्हाईक येणार, कुणी म्हणतं कुलूप लागणार. पण गाडी आमी अशी बनवतो... दार लावलं की आवाज ऐका! धप्प!"

"पुन्हा काढा तो आवाज."

"धप्प!"

ती हसता हसता वाकली.

"तुमचं नाव काय?" त्यानं हळूच विचारलं.

"उद्या सांगते."

"उद्या? उद्या तर मी पोरगी बघायला..." तो थबकला. डोळे विस्फारले, पिवळा हात कपाळावर गेला. "तुमीच?"

"कपाळाला हळद लागली तुमच्या," असं म्हणत निलम पावसात पळालीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तांड्याचे नायक बाबूसिंग यांच्या दारात पंच बसले. ताटात गूळ आला. पंचांनी गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. मुलाच्या मामानं, प्रेमदासनं, वाटेतच बजावलं होतं, "योगेश, कंपनी पक्की हाय म्हण. बाकी मी बघतो."

पण वसरामच्या कानावर बाजारातली बातमी आली होती. "पावणं, ती इंग्रजाची कंपनी बुडून राहिली म्हणं. खरं काय?"

मामानं योगेशला चिमटा काढला. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. योगेशनं तिकडं एकदाच पाहिलं.

"खरं हाय. मला न्हाई वाटत ती टिकंल... ती गेली तर माझी कंत्राटी नोकरी बी जाईल. पण आमच्या गाडीत खोट न्हाई. हे मी इंग्रजाच्या तोंडावर बी सांगंन."

वसरामनं ताट मागं ओढलं. "मग इंग्रजाचा फैसला होऊ द्या. गूळ त्याच्या बाद."

आता ओढलेलं ताट पुन्हा पुढं येणार नाही, हे निलमला कळलं. ती सरळ पंचांसमोर येऊन उभी राहिली.

"बापू, तुमी पोराला बघून राहिले का इंग्रजाला? नाव काढलं म्हणून गाडी चालायची थांबती काय? खोटं बोलून यानं आत्ता गूळ खाल्ला असता. न्हाई बोलला. मला हाच पायजे."

तिच्या आईनं, नानीबाईनं, पदर तोंडात कोंबला. रडू दाबायला की हसू, ते तिलाच ठाऊक.

नायक खाकरले. "पंचात पोरगी बोलली! दंड पडंल. सगळ्या तांड्याला गूळ."

"दंड मी भरतो," योगेश पटकन म्हणाला.

"तुमी काहून? नोकरी जाऊन राहिली, अन् ऐट बघा!" निलमची मान ताठ होती. "बोलले मी, दंड माझा. हळद काढायची मजुरी हाय माझ्याकडं."

नायकांनी मिशीत हसू लपवलं. वसरामनं लेकीकडं पाहिलं आणि ताट पुन्हा पुढं सरकवलं. मग त्यानं गुळाचा पहिला खडा नायकांच्या हातावर ठेवला. "माझी पोरगी हाय," तो म्हणाला, जणू नायकांना ते ठाऊकच नव्हतं.

महिना संपायच्या आत ती कंपनी बंद पडली. तिकडं, आपल्या गाडीचा असाच अभिमान धरणारी हजारो माणसं घरी बसली. इकडं योगेशची नोकरी गेली. वसरामला अडत्यासमोर गप्प बसावं लागलं, ही त्यानं मोजलेली किंमत. आणि लग्नाआधी तांड्यात घरोघरी जो गूळ गेला, त्याचे पैसे निलमनं दिले... रोख.