एक हात पाठीवर

हसा लेको, हसून घ्या. मीठमसाला माझा, बाकी सगळं माझ्या शेजारच्या अंगठेमास्तरच्या बाबतीत घडलेलं.

गेल्या बारा डिसेंबरला, गुरुवारी, रात्री पावणेदहाला मास्तर कोमट तेलाची बाटली टॉवेलात गुंडाळून थोरल्या भावाच्या दुकानात निघाला. भाऊ टेलर. मशीनवर वाकून वाकून पाठीची कमान झालेली. आणि मास्तर मालीशवाला. असल्या पाठी अंगठ्यांनी दाबून सरळ करण्यात तीस वर्षं गेलेली.

त्याच्या वस्तादाचा पहिला नियम होता, एक हात कायम पाठीवर. तेल घे, घाम पूस, काय ते दुसऱ्या हाताने. "दोन्ही उचललेस की जागा मोकळी होते. मोकळी जागा कुणीही घेतं." मास्तरला वाटायचं, गिऱ्हाईक दचकू नये म्हणून असेल.

पण दाबून दाबून त्याचे अंगठेच दिवाळखोरासारखे बसले. चहाचा कप उचलताना डोळ्यांत पाणी. एकदा न राहवून त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले. पालथं पडलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "हां! आत्ता बरोबर शीर सापडली."

मास्तर बघतो तर पाठीवर अंगठ्यांएवढे दोन खळगे. आपोआप सरकणारे.

पळाला? छे! स्टूल ओढून बसला. दीड महिना बसला. भूत फुकट राबतंय म्हटल्यावर माणूस भितो कशाला?

तर त्या रात्री दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. "या, मोठे डॉक्टर!" दादा म्हणाला. "गावाच्या पाठी सरळ, घरचा दादा वाकडा!" आणि कापड बेतायच्या टेबलावर पालथा झाला.

मास्तरने दोन मिनिटं दाबलं. अंगठ्यांतून कळ गेली. त्याने दोन्ही हात उचलले, स्टुलावर बसला.

"वा! काय ताकद आहे रे तुझी."

खळगे कंबरेपासून वर निघाले. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी. सावकाश.

"बास आता."

थांबले नाहीत.

"अरे बास म्हणतो ना! श्वास..."

मास्तर धावला. पाठीवर हात ठेवायला गेला. हात पाठीला लागेनात. मध्ये काहीतरी होतं. गार. हातांसारखं.

"दादा!"

दादाचं तोंड टेबलात दाबलेलं. एक बरगडी मोडली. कट्.

मास्तरने शर्ट काढला. तिथेच फरशीवर पालथा पडला.

"त्याला सोड," तो म्हणाला. "ही घे. मोकळी आहे."

...

टेबलावर दादाने श्वास घेतला.

दादा वाचला. तीन महिने पट्टा लावून होता, आता पुन्हा मशीनवर बसतो. मास्तरने धंदा सोडला. तो पालथा झोपत नाही, भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या डुलक्या घेतो. डॉक्टर म्हणतात, काही नाही.

महिन्यातून एकदा मला घरी बोलवतो. शर्ट वर करतो, पाठ फिरवतो. मी बघून सांगायचं, एवढंच काम.

पहिल्यांदा बघितले तेव्हा दोन्ही खळगे कंबरेवर होते.

काल बघितले.

मानेपासून चार बोटं.